मशीन आहे, पण धावदोरा हातचाच

आमच्याकडे शिलाई मशीन आहे, हे आधीच सांगून टाकते. गोधड्या हातशिलाईच्या म्हटलं की लोकांना वाटतं, इथे विजेवर चालणारं काहीच नसणार. तसं नाही. अस्तराला दोन पन्हे जोडायचे असले की ती लांबच लांब सरळ शिवण आम्ही मशीनवरच मारतो. त्यात हाताला गंमत नाही, आणि तिथे मशीनची शिवण जास्त पक्की बसते. कडेची पट्टीही एका बाजूने मशीनवर लावतो, उलटवून दुसऱ्या बाजूने हाताने टिपतो. पण वरचा थर, मधला थर आणि अस्तर या तिघांना बांधणारा जो धावदोरा, तो पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत हातचा. हा हट्ट का, तर हाताने शिवायला मजा येते म्हणून. याहून भारदस्त कारण सुरुवातीला आमच्याकडे नव्हतं.

सुरुवात घरच्याच गोधड्यांपासून झाली. मग ओळखीत कुणाला बाळासाठी दुपटं हवं झालं, ते पाहून आणखी कुणाला, आणि हळूहळू हिशेबाची वही घालावी लागली. घरगुती व्यवसायांची ही गोष्ट थोड्याफार फरकाने सारखीच असते, त्यामुळे ती इथेच सोडते.

ही मजा नेमकी कशात आहे, ते मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आमचे पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच झाले. गोधडीची सुई आखूड असते. सुईचा नंबर जसा वाढतो तशी ती बारीक होते. नव्या माणसाच्या हाती आम्ही ९ नंबर देतो, सरावल्यावर १०. दोरा हातभर, फार तर ४५-५० सेंटिमीटर. लांब घेतला तर पुन्हा ओवायचा त्रास वाचेल असं वाटतं खरं, पण तोच दोरा दर टाक्याला कापडातून घासत जातो, पिंजतो आणि हमखास गुंततो. मेणावरून एकदा ओढून घेतला की निमूट चालतो. गाठ दिसू द्यायची नाही. जिथून सुरुवात करायची त्याच्या बोटभर अलीकडे सुई वरच्या थरात घालायची, मधल्या थरातून सरकवत जागेवर काढायची आणि दोऱ्याला हलका झटका द्यायचा. टप्‌ असा बारीक आवाज होतो आणि गाठ आत शिरते. नवीन शिकणारी प्रत्येक जण हे जमल्यावर एकदा तरी हसतेच.

पुढचं काम खालच्या हाताचं. त्याचं बोट अस्तराला टेकलेलं असतं. सुईचं टोक त्याला लागलं न लागलं, की तिथूनच सुई वर वळवायची. असे तीन-चार टाके सुईवर भरले की अंगुस्तानाने ढकलायची आणि दोरा एकदम ओढायचा. फार ताणला तर कापड चुण्यांनी गोळा होतं, सैल सोडला तर वर फास राहतात. किती ओढायचं हे सांगून कळत नाही, ते हातालाच कळावं लागतं. एका इंचात वरून दिसणारे सात-आठ टाके आले तर उत्तम, पाच आले तरी आमची तक्रार नाही. सारखे मात्र हवेत. एकदा लय लागली की मोजणं सुटतं. हात चालू, तोंड मोकळं. मशीनवर बसलेल्या बाईशी धड बोलता येत नाही, तिला सगळं लक्ष पायाकडे आणि शिवणीकडे द्यावं लागतं. आमच्या चटईवर मात्र अख्ख्या घरांचे प्रश्न सुटतात आणि नवे तयारही होतात.

मशीनच्या टाक्यात दोन दोरे असतात, एक वरून आणि एक खालून, आणि ते कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. म्हणून ती रेघ सलग, घट्ट आणि थोडी ताठर होते. हातच्या धावदोऱ्यात एकच दोरा वरखाली जातो आणि दोन टाक्यांमध्ये कापड मोकळं राहतं. एक-दोनदा धुतल्यावर ते मोकळं कापड किंचित फुगून येतं. अंगावर घेतल्यावर गोधडी वळते, खांद्याशी, गुडघ्याशी बसते. ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. धावदोरा त्या थरांना सरकू देत नाही, पण फार दाट घातला तर हवेला जागाच उरत नाही आणि गोधडीची सतरंजी होते. फार विरळ घातला तर धुण्यात आतला कापूस गोळा होतो. मध्ये सुटा कापूस भरलेला असेल तर ओळी जवळ लागतात, जुन्या कापडाचेच थर असतील तर थोड्या लांबही चालतात. हे ठरवताना आमच्यात वाद होतात, आणि मला ते आवडतात.

वादांचा खरा मोसम येतो ठिगळं मांडताना. जमिनीवर तुकडे पसरायचे, दोन पावलं मागे जायचं, डोळे बारीक करून बघायचं. एखादा पिवळा तुकडा असा असतो की कुठेही ठेवला तरी तोच दिसतो. आमच्यातल्या थोरल्या मावशींचं म्हणणं, असा तुकडा काढायचा नाही, त्याला सोबत द्यायची. मग आणखी दोन कोपऱ्यांत पिवळ्याचे बारके तुकडे येतात आणि मघाचा आगाऊ तुकडा सभ्य वाटायला लागतो. शिवण्याइतकाच वेळ आम्ही या मांडणीत घालवतो. कुणी तो वाया गेला म्हणत असेल तर म्हणो.

कापड जुनं सुती असेल तर सोनंच. ते आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो, आणि सुई लोण्यातून जावी तशी जाते. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटू शकतं, म्हणून आमच्याकडे ते धुऊन, वाळवूनच कात्रीखाली येतं. जुन्याशेजारी न धुतलेलं नवं लावलं तर आटताना ते शेजारच्याला ओढतं आणि जुनं बिचारं शिवणीपाशी उसवतं. जुनं कापडही पारखून घ्यावं लागतं. दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायचं, चर्र आवाज आला की ते वरच्या थराला नाही, पोटात घालायचं. आणि तुकडा ताण्या-बाण्याच्या रेषेत कापायचा. तिरका कापलेला हातात घेताच लांबतो आणि चौकोनाचा पतंग होतो.

एरवी आम्ही तिन्ही थर पसरून कच्चे टाके घालतो आणि मधून कडेकडे शिवत जातो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची ठिगळांची गोधडी, शिवतात, त्यांची रीत बरोबर उलटी. त्या कडेपासून सुरुवात करतात, तुकड्याची किनार आत दुमडून तो थेट खालच्या कापडावर शिवत, फेऱ्या घेत मधे येतात. ठिगळं जोडणं आणि धावदोरा घालणं एकाच वेळी होतं, वरचा थर वेगळा तयार करावा लागत नाही. शेवटी चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाच्या पाकळ्या लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. ही रीत हातात बसवल्यापासून आमची लहान दुपटी त्याच पद्धतीने होतात. मांडीवर मावतात आणि जागा लागत नाही.

आता धंद्याचं. आमच्याकडे मोबदला नगावर नाही, तासावर आहे. नगावर पैसे ठरले की हात आपोआप घाई करतो, टाके लांबतात, आणि ज्या मजेसाठी हा उद्योग काढला तीच पहिली निघून जाते. तासावर दिल्याने गोधडी महाग पडते, हे मान्य. काही गिऱ्हाईकं किंमत ऐकून नमस्कार करतात, त्यांना आम्हीही नमस्कार करतो. मात्र घासाघीस करता करता कुणी ‘तुम्हाला काय, घरबसल्या तर शिवायचं’ म्हणालं की मी मापाची पट्टी खाली ठेवते. घरबसल्या झालेलं काम फुकट असतं, हा समज कुणी पसरवला कोण जाणे.

एकसारख्या नगांच्या मोठ्या ऑर्डरबाबत आमच्यात दोन मतं होती. तेव्हा मी अमेरिकेतल्या अलाबामामधल्या फ्रीडम क्विल्टिंग बीचा इतिहास वाचला. १९६६ साली तिथल्या गरीब कृष्णवर्णीय बायकांनी ही सहकारी संस्था उभी केली. १९७२ मध्ये तिला सिअर्स कंपनीची कॉर्डरॉयच्या, म्हणजे उभ्या रेघांच्या जाड मऊ कापडाच्या, उशांच्या खोळी शिवायची ऑर्डर मिळाली. ते काम ठरल्या मापाचं, एकासारखं एक. मन घालायला जागा नाही. पण त्यातून नेमाने पैसा आला, आणि उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या घरी नेऊन त्या बायकांनी स्वतःच्या मनाच्या गोधड्या शिवल्या. जवळच्याच जीज बेंड गावच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या, त्यांत अशा कॉर्डरॉयच्याही होत्या. हे वाचून आमचा वाद मिटला असं नाही, पण तोडगा निघाला. एकसारख्या पिशव्या, उशांच्या खोळी असली कामं आम्ही घेतो, ती मशीनवर करतो आणि त्यांवर जागेचं भाडं निघतं. गोधडी मात्र एकासारखी दुसरी करून मागू नका. रंगांचा अंदाज द्या, माप द्या, आवडीचं कापड असेल तर पाठवा. बाकी आमच्यावर सोडा.

गोधडी अर्धी-अर्धी वाटूनही आम्ही देत नाही. दोघींचे टाके शेजारी आले की हात कुठे बदलला ते सांगावं लागत नाही. एकीचा टाका उजवीकडे झुकतो, दुसरीचा आखूड. त्यामुळे एका गोधडीचा धावदोरा एकच जण घालते, आणि तिला बरं नसलं की गोधडी थांबते. गिऱ्हाइकाला तसं कळवतो. बहुतेक जण समजून घेतात.

अलीकडे दुरुस्तीचं काम वाढलंय. आम्ही शिवलेल्याच नव्हे, कुणाच्या आजीने शिवलेल्या गोधड्याही येतात. त्यांवर काम करताना मुळातला दोरा शक्यतो उसवत नाही. विरलेल्या जागी वरून नवं ठिगळ दुमडून टिपतो आणि जुन्या ओळींच्या मार्गानेच नवा धावदोरा नेतो. त्यात अनोळखी बाईचा हात शिकायला मिळतो. कुणी कोपऱ्यात दोरा वाचवलेला असतो, कुणी हौसेने जास्तीच्या ओळी घातलेल्या असतात. या कामाला मी सगळ्यांत आधी हात पुढे करते आणि त्यावरून बोलणीही खाते. एकच विनंती आहे. दुरुस्तीला द्यायची गोधडी धुऊन, खडखडीत वाळवून पाठवा. फाटलेली जागा मोठी असेल तर धुण्याआधी तिच्याभोवती कच्चा टाका मारा, आणि पाण्यात पिळू नका, दाबून पाणी काढा. ओली गोधडी दोरीवर एका बाजूने लटकवली तर तिच्याच वजनाने टाके तुटतात. आडवी पसरा.