तोरणगल्लू ते कोल्हापूर कॉइलचा ट्रेलर: तवंदी घाट उतरण्याआधी हे वाचा

आमच्या बेळगाव-खानापूर भागात नवीन पोरगं ट्रेलरवर बसलं की सगळे त्याला गोव्याकडच्या चोर्ला आणि अनमोड घाटांची भीती घालतात. संकेश्वर-निपाणीच्या मधल्या तवंदीचं नाव कोणी काढत नाही. राष्ट्रीय महामार्ग 48, रुंद रस्ता, त्यामुळे तो घाट वाटतच नाही. माझं मत स्पष्ट आहे: बेळगावहून कोल्हापूरकडे भरलेला फ्लॅटबेड (उघड्या सपाट पाटाचा ट्रेलर) नेताना तवंदीइतका फसवा उतार दुसरा नाही. चोर्ल्यात वळणंच गाडी हळू करायला लावतात. इथं रस्ता उलट पळवतो.

माल होता कर्नाटकातल्या तोरणगल्लूहून भरलेली 20 टनांची स्टीलची कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी. भाडं ज्यानं दिलं त्या ब्रोकरच्या माणसानं फोनवर सांगितलं, "फोर लेन हाय मर्दा, चार बेल्ट टाक आन् सोड." यार्डातल्यांनीही तसंच बांधून दिलं. कॉइल आडवी, डोळा (मधलं भोक) गाडीच्या बाजूकडे, म्हणजे ब्रेक मारला की केबिनकडे घरंगळणार. खाली लाकडी ठोकळे होते, पण त्यांना एकमेकांशी जोडणारी पट्टी नव्हती.

बेल्टच्या लेबलावर 5 टन लिहिलेलं असतं, नवीन ड्रायव्हर त्यालाच भुलतात. तो आकडा बेल्ट किती ओढ सहन करेल त्याचा आहे, आवळल्यावर किती ताण येईल त्याचा नाही. हातानं रॅचेट (बेल्ट आवळायचा खटका) आवळून साधारण तीनशे किलोचाच ताण येतो. आणि जोरात ब्रेक लागला तर माल वजनाच्या 80 टक्के जोरानं पुढे येईल असं धरून बांधायचं असतं. 20 टनांना 16 टन. चार बेल्ट नुसते वरून दाबून हे कसं पेलणार? कॉइल धरून ठेवतात ते घट्ट बसलेले ठोकळे आणि पाचरी, आणि डोळ्यातून पुढे-मागे ओढलेल्या साखळ्या. लोखंडावर लोखंड ठेवू नका, मध्ये रबरी मॅट घाला, घसरण बरीच कमी होते. बेल्ट जिथं धारेवर येतो तिथं कोपरा-गार्ड हवाच, नाहीतर वाटेतच बेल्ट कापला जातो. बेल्ट जितका उभा तितका दाब जास्त. पाटापासून 30 अंशांवर आडवा पडला की दाब निम्मा.

होस्पेट, गदग, हुबळी या टप्प्यात सांगण्यासारखं काही नाही, रस्ता नीट आहे. धारवाड ओलांडल्यावर गाडी बाजूला घेऊन पाहिलं तर दोन बेल्ट हाताला लोंबत होते आणि एक ठोकळा चार बोटं सरकलेला. जेवताना भरलेली गाडी एकदा डोळ्यांनी बघून घेतो म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बघून कळत नाही, हात लावावा लागतो. निघाल्यावर पहिल्या 50-80 किलोमीटरमध्ये एकदा थांबाच, तोवर माल बसलेला असतो आणि बांधणी सैल पडलेली असते.

पुढे एका नाक्याजवळच्या टपरीवर साखळ्या आणि ठोकळे लावून द्यायचे 1500 रुपये मागितले. त्याच कामाचे शेजारच्याला 500 सांगितले होते, माझ्यासमोर. तरी साखळ्या-ठोकळे लावूनच पुढे निघालो. दोन साखळ्या, त्या ताणायचे दोन बाइंडर, चार पाचरी आणि एक हातोडा गाडीतच ठेवा, मग कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

आता तवंदी. संकेश्वरला थांबा. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानंही पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती (2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली). अशी विश्रांती तिथंच घ्या, कारण झोपाळलेला ड्रायव्हर उतारावर गिअर उशिरा बदलतो. माथ्याआधीच गिअर खाली घ्या. हाच चढ भरलेल्या गाडीनं ज्या गिअरात चढाल, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरात उतरा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) चालू ठेवा, फूट ब्रेक वेग उतरेपर्यंत दाबून सोडा, सतत दाबून धरू नका. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यांचं ऐकूच नका. बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत गिअरात असताना पाय काढला की डिझेल जातच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला जातं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि ब्रेक ड्रम तापून पकड मारली जाते ती वेगळीच. जळका वास आला तर डाव्या बाजूला घेऊन थांबा, थंड व्हायला वेळ द्या, तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. मागून कोणी हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे.

निपाणीत उतरलो तेव्हा हात थरथरत होते आणि फार बरंही वाटत होतं. साखळ्या जशाच्या तशा, कॉइल जागची हललेली नाही.

कागदांचं थोडक्यात. पाइप-सळ्या मागून बाहेर काढून नेणं 2014 पासून बंद आहे. बाहेर आलेल्या मालाला आणि ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड, ओव्हरलोडला वर प्रत्येक जादा टनाला 2,000. ब्रोकर हे कधीच सांगणार नाही, दंड मात्र रस्त्यात गाडीवरच बसतो.

शेवटी वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली. कोल्हापुरात गाडी लागल्यावर ड्रायव्हरकडून वाराई मागितली. "ज्याचा माल त्याचा हमाल" हे वाक्य तिथं ट्रकवाले ठामपणे बोलतात, तुम्हीही बोला. त्याहून बरं, वाराई कोण देणार ते लोडिंगच्या वेळीच बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) लिहून घ्या आणि त्या कागदाचा फोटो मालकाला पाठवून मगच गाडी हलवा.