‘रन’चे ६४५ अर्थ आणि आपलं चालणं

इंग्रजीत सगळ्यात जास्त राबणारं क्रियापद कोणतं असं विचारलं तर बरेच जण ‘गेट’ म्हणतील, कोणी ‘डू’ म्हणेल. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीचा हिशोब मात्र वेगळाच निघाला. ‘रन’ हा एवढासा तीन अक्षरी शब्द, आणि नुसतं क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ! २०११ मध्ये हे पेपरात आलं होतं. पीटर गिलिव्हर नावाच्या तिथल्या कोशकारांनी या एका शब्दावर नऊ महिने काम केलं होतं. त्याआधीच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’चा नंबर पहिला होता, त्याचे ४३० च्या आसपास अर्थ. म्हणजे मध्ये ‘रन’ पुढे गेला, आणि मला वाटतं ते साहजिकच आहे कारण गिरण्या, इंजिनं, आगगाड्या, मग कॉम्प्युटर असं जे जे नवीन आलं त्या सगळ्यासाठी इंग्रजांनी हाच शब्द वापरला.

आता बघा ना, माणूस रन करतो ते ठीक आहे, पण इंग्रजीत नाक पण रन होतं, नळ रन होतो, स्वस्तातल्या कुर्त्याचा रंग रन होतो, बस दर अर्ध्या तासाला रन होते, नाटक सहा महिने रन होतं, पेपरवाले बातमी रन करतात, आणि साखर संपली की ‘वुई हॅव रन आउट ऑफ शुगर’. आपल्याकडे यातली बस तेवढी धावते, बाकी एकालाही धावणं चालत नाही. नाक वाहतं, नळ चालू राहतो, रंग जातो, बातमी छापतात किंवा लावतात, साखर संपते. एका शब्दाच्या जागी आपण पाच-सहा शब्द ठेवतो आणि प्रत्येक आपापल्या जागी चपखल बसतो.

पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की जिथे इंग्रज धावतात तिथे आपण बहुतेक वेळा चालतो. मशीन चालते, दुकान चालतं, संसार चालतो, केस कोर्टात चालते, पिक्चर थिएटरला चालतो आणि घरात काही पिढ्यानपिढ्या आलं असेल तर ते ‘चालत आलेलं’ असतं. फ्रेंच लोक पण मशीन ‘चालते’च म्हणतात, जर्मन लोकांचं क्रियापद धावण्याचं. म्हणजे यात बरोबर-चूक काही नाही, पण इंग्रजीतला ‘रन’ समजून घ्यायचा असेल तर मराठी माणसाने ‘धावणे’ जरा बाजूला ठेवून ‘चालणे’ डोळ्यासमोर आणावं, निम्मं काम तिथेच होतं असं माझं स्पष्ट मत आहे. निवडणुकीचं तर अजून मजेशीर, अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ होतो, आणि आपला माणूस पण उभाच राहतो.

आता समानार्थी शब्दांकडे येते, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसले. आमच्या शेजारची नववीतली मुलगी इंग्रजीचा अभ्यास घेऊन येते. तिच्या गाइडमध्ये ‘रन’समोर एक ओळ होती, स्प्रिंट, डॅश, फ्ली, फ्लो, ऑपरेट, मॅनेज. सगळे शब्द एकाच रांगेत, मध्ये नुसते स्वल्पविराम. तिने ती ओळ मनापासून पाठ केली आणि वाक्य लिहिलं, ‘द थीफ ऑपरेटेड अवे’. तिची काय चूक? तिला सांगितलं होतं की हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात! चोर पळाला तर तिथे ‘फ्ली’ येईल, ‘फ्लो’ पाण्याला, ‘ऑपरेट’ मशीनला. मला या गाइडांचा खरंच राग येतो, पोरं एवढी मेहनत करतात आणि हातात येतं ते असं अर्धवट.

तिला मग मी एकेक शब्द त्याच्या शेजाऱ्यासकट दिला. ‘बोल्ट’ म्हणजे बिथरून सुटणं, घोडा बोल्ट होतो, आपण म्हणतो घोडा उधळला, अगदी तोच भाव. ‘स्करी’ उंदराला, म्हणजे तुरुतुरु पळणं. ‘जॉग’ म्हणजे रमतगमत धावणं, आणि ‘स्प्रिंट’ म्हणजे थोडं अंतर पण जीव तोडून. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे, आपण बऱ्याचदा धावणं-पळणं तेच ठेवतो आणि आधी दुडुदुडु, तुरुतुरु, धापा टाकत असं काहीतरी लावतो, नाहीतर धूम ठोकतो, पळ काढतो, पोबारा करतो. हे सांगितल्यावर तिला लगेच कळलं कारण उंदीर दुडुदुडु पळत नाही हे तिला मराठीतून आधीच माहीत होतं.

दुकान ‘रन’ करणं आणि ‘मॅनेज’ करणं यात पण फरक आहे. दुकान रन करते ती बाई, जिच्या जिवावर ते उभं आहे. मॅनेज करायला पगारी माणूसही चालतो. ‘मॅनेज’ मूळचा इटालियनमधून आलेला, घोडा हाताळणे, काबूत ठेवणे असा त्याचा अर्थ, त्यामुळे त्यात अडचणीतून निभावून नेण्याची छटा अजून आहे. ‘ऑपरेट’ लॅटिनमधला, मशीन ऑपरेट करायला समोर माणूस लागतो, रन मात्र ती एकटीही होते. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर दरबारात, कोर्टात फ्रेंच बसली, फ्रेंच-लॅटिनचे वजनदार शब्द इंग्रजीत आले आणि पुढेही येत राहिले. घरातले, शेतातले, रोजचे लहान शब्द बऱ्याच अंशी जुनेच राहिले. म्हणून आजही ‘ऑपरेट’ म्हटलं की ऑफिस आठवतं आणि ‘रन’ म्हटलं की बोलणं. अर्ज लिहिताना एक आणि मैत्रिणीशी बोलताना दुसरा, हे लिस्टमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

क्रिकेटचा रन तर आपल्या घरातलाच. पूर्वी त्याला इंग्रजीत ‘नॉच’ म्हणायचे कारण स्कोअर ठेवणारा काठीवर खाचा पाडायचा, रन हा शब्द नंतर रुळला. मराठीत धाव, धावबाद हे शब्द इतके छान बसले की ते भाषांतर आहे असं वाटतच नाही, तसंच धावतं समालोचन आणि धावती भेट.

आणि एक ‘रन’ असा आहे जो आपण शाळेत न जाता शिकलो. फर्निचरचं काम काढलं की सुतार पट्टीचा रेट ‘रनिंग फूट’वर सांगतो, किचन ओट्याच्या ग्रॅनाइटचा, कंपाउंडच्या जाळीचाही बऱ्याच ठिकाणी तसाच. यात कोणी धावत नाही, रुंदी न धरता सलग लांबी मोजायची एवढंच. नाटकाचे सहा महिने, नळाची धार, बसच्या फेऱ्या, कोर्टातली केस, या सगळ्यांत तोच सलगपणा आहे, मध्ये न तुटता पुढे जात राहणं. पुढच्या वेळी ती मुलगी आली की आधी टेप काढून ओटा मोजायला लावणार आहे, ६४५ पैकी बरेचसे अर्थ तिला तिथूनच सांगता येतील.