पसऱ्याची बरणी

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या माजघरात शिरलं. घरी परतलो तेव्हा भिंतीवर कंबरेएवढी चिखलाची रेघ होती आणि आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, बियाण्याचं मडकं कोपऱ्यात उताणं पडलं होतं. आतल्या शेंगा काळ्या पडून कुजल्या होत्या. नदीकाठच्या तुकड्यातला उभा भुईमूगही गेला होता. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून घरात असलेला पसऱ्या एका आठवड्यात संपला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं मडकं धुऊन पालथं घातलं.

पसऱ्या म्हणजे वेलासारखा जमिनीवर पसरणारा भुईमूग. साडेचार महिने शेत अडवतो, आणि काढणीला शेंगा जमिनीत इकडेतिकडे विखुरलेल्या असतात, म्हणून माणसं जास्त लागतात. तीन-साडेतीन महिन्यांत निघणारी, सरळ उभी वाढणारी उपटी वाणं आल्यावर गावात कुणी तो ठेवला नाही. पण काढणीच्या तोंडावर पाऊस लागला की उपट्या शेंगेला जमिनीतच मोड येतात. पसऱ्याचं बी काही काळ झोपून राहतं, ते असं उगवत नाही. आत्याबाईंना त्याची हीच गोष्ट आवडायची.

माण तालुक्यातल्या आमच्या वन्संनी पूर्वी आत्याबाईंकडून थोडं बी नेलं होतं. त्यांच्याकडून दोन ओंजळी शेंगा आल्या. 2020 च्या पावसाळ्यात त्या परड्यात लावल्या, कारण नदीकाठाला न्यायचा धीर झाला नाही. पीक हाती आल्यावर मनाशी ठरवलं, थोडं बी कायमचं बाजूला ठेवायचं. दाणे फोडले, दोन दिवस उन्हात घातले, स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवले. जूनमध्ये 20 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. तीन उगवले. बाकीचे बोटात धरताच पिचत होते. त्या दिवशी मला खूप रडू आलं.

चूक गारठ्याची नव्हती, ओलीची होती. दाण्यात पाणी जास्त असलं की गोठताना त्याचा बर्फ होतो आणि आतल्या पेशी फाटतात. बी नीट वाळलेलं असेल तर हाच गारठा त्याचं आयुष्य वाढवतो. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या बियाणे बँकेत भुईमुगाचे 15,000 हून अधिक नमुने आहेत. दीर्घकाळ ठेवायचं बी तिथे आधी वाळवतात, हवाबंद करतात आणि मग उणे 20 अंशांत ठेवतात. बियाणेशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे: ओल एक टक्क्याने उतरली की बियाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. भुईमुगाच्या दाण्यात जवळजवळ निम्मं तेल. उष्ण, दमट जागी ते खवट होतं आणि बी मरतं. म्हणून हा नियम इथे फार जपून पाळावा लागतो.

त्यानंतरच्या काढणीपासून मी असं करते. वेल उपटून शेंगांसकट सावलीत उलटे टांगते. कडक उन्हात, तापलेल्या पत्र्यावर कधीच वाळवत नाही, बी करपतं. शेंग हलवल्यावर आत दाणा खुळखुळला की निवडायला घेते. पुढच्या जूनला लावायच्या शेंगा टरफलासकटच ठेवते, कारण टरफलासारखं दुसरं वेष्टन नाही. बरणीत जायचे तेवढेच दाणे हाताने फोडते. साल सुटलेला किंवा टोकाला चिरलेला दाणा बाजूला काढते, कारण अंकुर त्या टोकालाच असतो.

गावातल्या बियाणे गटाकडे ओल मोजायचं यंत्र आहे. 8 टक्के आली की 100 ग्रॅम दाणे पातळ फडक्यात बांधून, तेवढ्याच वजनाच्या कोरड्या सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे निळे खडे) हवाबंद बरणीत ठेवते. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करायचे. वजन 97 ग्रॅमच्या आसपास उतरलं की ओल 5 टक्क्यांवर आली. मग काचेच्या छोट्या बरण्या, घट्ट झाकण, वर वर्ष आणि शेताचं नाव, आणि फ्रीजरमध्ये. वीज गेली की फ्रीजर उघडत नाही. बरणी बाहेर काढली तरी दिवसभर तशीच राहू देते. थंड बरणी लगेच उघडली तर दाण्यांवर दव धरतं आणि सगळी मेहनत जाते.

पेरणीआधी एक गोष्ट माझ्याकडून दोनदा राहिली: इतकं कोरडं बी एकदम ओल्या मातीत टाकलं तर पाणी भसकन शोषून डाळिंब्या, म्हणजे दाण्याची दोन दलं, तडकतात. आता आदल्या रात्री दाणे ताटलीत पसरून, शेजारी ओलं फडकं ठेवून वर पातेलं झाकते.

या जूनमध्ये 2021 ची बरणी उघडली. 20 पैकी 17 उगवले. आत्याबाईंनी गोणपाट स्वतः उलगडलं, एकेक मोड मोजला, मग परत पहिल्यापासून मोजला. तीन बरण्या वन्संकडे माणला पाठवल्या आहेत. तिथे कृष्णा नाही.