डावा आरसा

मोबाइलमध्ये जागा उरली नाही म्हणून परवा दुपारी जेवणं आवरल्यावर फोटो पुसायला बसले. हे काम मी पापडांसारखं वर्षातून एकदाच काढते. शुभ सकाळची फुलं, कुणाच्या तरी बारशाचा पाळणा, दुधाचं बिल असं पुसत पुसत राधानगरी-दाजीपूरपाशी आले. दोनशे चौदा फोटो. तीस-चाळीस पाहून झाल्यावर लक्षात आलं, की प्रत्येक फोटोत एक वस्तू हटकून आहे. आमच्या गाडीचा डावा आरसा. मागे डोंगर असो, तलाव असो, वडाखाली उभी असलेली म्हैस असो, कोपऱ्यात तो आहेच, लग्नाच्या प्रत्येक फोटोत घुसणाऱ्या मामेभावासारखा. म्हणजे आमच्या त्या चार दिवसांच्या प्रवासाला उजवी बाजूच नाही.

कारण अगदी साधं आहे. गाडी मी चालवते. हे शेजारी बसतात आणि बघतात.

ह्यांनी गाडी शिकायचा प्रयत्न केला होता. अठरा दिवसांत सोडून दिला. पुढचं दृश्य काचेतून सरकायला लागलं की ह्यांचे हात ते दृश्य दाखवायला स्टीअरिंगवरून उठतात. शिकवणाऱ्याने हात जोडले. मला मात्र गाडी चालवायला मनापासून आवडतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणी चालवलेली मला सोसत नाही. पंपावर अजूनही पोरगा माझ्या खिडकीपाशी येतो, वाकतो आणि माझ्या पलीकडे बघून ह्यांना विचारतो, "काका, किती टाकू?" काका त्या वेळी पंपावरच्या कडुनिंबावरचा तांबट शोधत असतात.

तर आमचा प्रवास असा होतो.

"अगं ए, ते बघ!"

"कुठे?"

"तिकडे, झाडाच्या मागे. अगं तिकडे नाही, डावीकडे... गेला."

बत्तीस वर्षांच्या संसारात ह्या "गेला"ने किती जनावरं माझ्या नावावर जमा होता होता राहिली असतील, त्याची मोजदाद नाही. खंड्या गेला. मुंगूस गेलं. एकदा भीमाशंकरच्या वाटेवर शेकरू गेलं. मी आपली समोरच्या ट्रकच्या मागे "आईचा आशीर्वाद" वाचत असते.

त्या वेळी फेब्रुवारी होता, म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या हायवेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कोल्हापूर सोडून राधानगरीच्या रस्त्याला लागलं की मात्र भोगावतीच्या काठचा हिरवागार ऊस सुरू होतो, आणि तो बघायचा असेल तर आधी तोडलेल्या उसाच्या मागून निघावं लागतं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर दोन पुरुष उंचीचा ऊस आणि ट्रॅक्टरवर कर्णा लावून गाणं. पुढे जायला जागा नाही, मागे राहायला धीर नाही. ह्यांना मात्र डाव्या बाजूला नदी, बगळे, गुऱ्हाळाचा धूर, सगळं दिसत होतं. मला ऊस दिसला. पाठमोरा.

राधानगरीला गाडी थांबवून उतरलो. उतरलं की मी पण माणसात येते. धरण शाहू महाराजांचं. काम सुरू केलं १९०८च्या सुमारास, ते पुरं झालेलं पाहायला महाराज राहिले नाहीत. गावाला नाव दिलं लेकीचं, राधाबाईंचं. तलावाला राणीसाहेबांचं, लक्ष्मी तलाव. मी हे ह्यांना सांगितलं. आमच्याकडे माझं नाव फक्त वाय-फायच्या पासवर्डात आहे, तेही पुढे एक-दोन-तीन लावून.

ह्या धरणाचे सात दरवाजे माझ्या लहानपणापासून ओळखीचे. माहेर कोल्हापूरचं. पाणी भरलं की हे दरवाजे आपोआप उघडतात, कुणाच्या हुकुमाची वाट बघत नाहीत. जुलैत "राधानगरीचे दोन उघडले" असं कुणी म्हटलं की पुढचं बोलायची गरज नसायची, पेठेतली मंडळी पंचगंगेवर पाणी बघायला. नदीची इशारा पातळी एकोणचाळीस फूट आणि धोका पातळी त्रेचाळीस. आमचे बाबा ही मापं घरातही वापरायचे. आईचा आवाज स्वयंपाकघरातून चढायला लागला की पेपराआडून हळूच, "एकोणचाळीस झालं रे." आम्ही भावंडं दप्तर उचलून अभ्यासाला. त्रेचाळीसला बाबा स्वतःच बाहेर पडायचे.

आजोळ कणकवलीजवळ. मे महिन्यात कोल्हापूरच्या स्टँडवरून एसटी, राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून कोकणात. मला एसटी लागायची. लागायची म्हणजे काय, ते ज्याला लागते त्यालाच कळतं. डिझेलचा वास, पुढच्या बाईच्या वेणीतला शिळा गजरा आणि कुणीतरी सोललेलं उकडलेलं अंडं हे तिन्ही एकत्र आलं, की माझ्या जिभेखाली पाणी सुटायचं. आई आवळासुपारीची पुडी आणि कापडी पिशवीत प्लॅस्टिकची पिशवी घेऊन तयार. दादा दोन सीट पलीकडे जाऊन बसायचा आणि आम्ही नात्यातले नाही असा चेहरा करायचा. आणि बाबा मला खिडकीशी बसवून म्हणायचे, "आता बोलायचं नाही. जंगल सुरू झालं. गवा दिसेल. लांब बघायचं, झाडीत. डोळा हलवलास की गेला."

मी लांब बघत राहायची. दाजीपूरची झाडी सुरू झाली की श्वासदेखील बेतानं घ्यायची. प्रत्येक काळा खडक गवा वाटायचा, वळण संपलं की खडकच निघायचा. बाबा त्याला "बायसन" म्हणायचे, कारण पाटीवर तसं लिहिलेलं असे. दाजीपूरचं हे जंगल १९५८ साली राखीव झालं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, आणि कित्येक वर्षं लोकांच्या तोंडी बायसन अभयारण्यच राहिलं. गवा काही बायसन नव्हे. तो गवाच. पण "बायसन" म्हटल्यावर तो दुप्पट मोठा वाटायचा हे खरं. हजार किलोचा नर, बाबा सांगायचे, आपल्या घरातली सगळी माणसं आणि वर दोन्ही कपाटं. पायात पांढरे मोजे.

आठ की नऊ उन्हाळे आम्ही त्या रस्त्याने गेलो. गवा एकदाही दिसला नाही. फोंड्याच्या बाजारात एसटी थांबली की बाबा म्हणायचे, "येताना दिसेल." मी तोपर्यंत एकदाही ओकलेली नसायची.

हे मला पुष्कळ उशिरा कळलं. माझी मुलगी गाडीत हिरवी-पिवळी व्हायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, तिला खिडकीतून लांबवर एका ठिकाणी बघत राहायला सांगा. मी दवाखान्यातच हसले. डॉक्टरांना वाटलं असणार, आईचंही काही तरी दाखवायचं राहिलंय.

तर ह्या खेपेला आम्ही रीतसर दाजीपूरला मुक्काम केला. पहाटे जीप ठरवली, सोबत गावातलाच वाटाड्या. मी ह्यांना बजावलं, आज गाडी दुसरा चालवतोय, आज मी पण बघणार. आणि बसले मागे, डाव्या बाजूलाच, मुद्दाम.

जमेना. नजर सारखी रस्त्यावर. प्रत्येक उतारावर माझा उजवा पाय जीपच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता. ड्रायव्हरने तिसऱ्या गिअरमध्ये एक चढ घेतला तेव्हा मी "दुसरा, दुसरा" असं पुटपुटले, त्याने आरशातून माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे गप्प. वाटाड्याने ठसे दाखवले, ताजे, चिखलात खोल रुतलेले. शेण दाखवलं, तेही ताजं. उंच झाडाच्या बेचक्यात शेकरूचं घरटं दाखवलं. एक शेकरू अशी कितीतरी घरं बांधून ठेवतं म्हणे, आणि आज कुठल्या घरात आहे ते कुणाला सांगत नाही. सावराई सड्यावर उभे राहिलो तेव्हा ऊन नुकतं कोवळं होतं आणि दूर कुठेतरी जंगलाच्या पोटात काहीतरी मोडल्याचा आवाज आला. वाटाडा म्हणाला, "आत्ता इथंच होता." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे "गेला" हा शब्द फक्त आमच्या घरातला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घाट उतरायला निघालो. दुपारची वेळ, रस्ता मोकळा, मी खुशीत. एका वळणापाशी हे एकदम सरळ बसले. ओरडले नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाले, "गवा."

ज्या आवाजात म्हणाले त्यावरून मला कळलं, की हा खडक नाही.

नेमकी त्या क्षणी समोरून लाल एसटी वळणावर आली, आपला अर्धा रस्ता सोडून माझ्या अर्ध्यात. डावीकडे मान वळवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ गाडी कडेला दाबायलाही लागतो. मी गाडी दाबली. एसटी घासून गेली. तिच्या शेवटच्या खिडकीत एक मुलगी बसली होती, तोंडात काहीतरी चघळत, लांब झाडीत बघत. ती मला स्पष्ट दिसली. उजवीकडे होती ना.

मग मी विचारलं, "कुठाय?"

"गेला," हे म्हणाले.

पुढे कणकवली येईपर्यंत ह्यांनी गव्याचं वर्णन केलं. खांदा कसा, शिंगं कशी, उन्हात पाठ कशी तेलाने माखल्यासारखी. मोजे होते का विचारलं. म्हणाले, गवतात उभा होता, मोजे दिसले नाहीत. हे ऐकून मला का कोण जाणे बरं वाटलं.

परतताना आंबोलीवरून आलो. तिथे हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात एक मासा आहे. लोक पिढ्यान् पिढ्या तिथे हात जोडत आले, आणि हा वेगळाच मासा आहे, जगात नोंद नसलेला, हे २०२०मध्ये जाहीर झालं. पुढच्या वर्षी ती जागा जैविक वारसा म्हणून राखून ठेवली. आम्ही दोघं कठड्याशी वाकून बघत होतो. काहीतरी चमकलं आणि दोघंही एकदम म्हणालो, "तो बघ!" आता तो तोच मासा होता की दुसराच कुठला, ते मासा जाणे. पण एकाच वेळी दोघांना काही दिसण्याचा आमच्या इतिहासातला तो बहुधा पहिलाच प्रसंग. फोटो अर्थातच नाही. काढायचं सुचलं नाही.

गव्याचा फोटो मात्र आहे. एकशे एकाहत्तरावा. डावा आरसा, काचेवर वाळलेला किडा, हिरवं काहीतरी वाहून जातंय आणि त्यात एक तपकिरी डाग. मुलीला पाठवला होता, तिने विचारलं, "सोफा आहे का?"

पुसावा की ठेवावा म्हणून तो मोठा करून बघत होते, तेव्हा मला दुसरे फोटो आठवले. डिसेंबर २०२०. नऊ तारीख. सकाळी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा शिरला होता. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. टाळेबंदीने कंटाळलेलं सगळं पुणं त्या गल्ल्यांमधून त्याच्यामागे धावत होतं, आणि फोन घरोघरी वाजत होते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अकरापर्यंत चाळीसएक फोटो आले असतील. सगळे स्पष्ट. भिंतीला लागून उभा, दमलेला. फाटकातून, गच्चीवरून, समोरून, मागून, उजवीकडूनसुद्धा. पायातले पांढरे मोजे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले. त्या दिवशी माझ्या हातात स्टीअरिंग नव्हतं, समोरून एसटी येत नव्हती, घाई कसलीच नव्हती. सोफ्यावर बसून, चहा पीत, हवा तेवढा मोठा करून मी गवा बघितला. बाबा असते तर त्यांना फोन केला असता.

तासन् तास तो पळत होता. मग बेशुद्ध करून पकडला. मी पोळ्या लाटत होते आणि हे बाहेर टीव्हीसमोर होते. आवाज नेहमीपेक्षा बारीक ठेवला होता. मी आतून विचारलं, "काय झालं हो त्याचं?"

हे थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

"गेला."