चिप-८ एम्युलेटर: डॉट-क्लँग-फॉरमॅट फाइल कुठवर आली

चिप-८ ही खेळांसाठीची एक जुनी, साधी आभासी यंत्रणा; ती आजच्या संगणकावर चालवणाऱ्या माझ्या एम्युलेटरचं मुख्य काम आता मार्गी लागलंय. स्प्राइट पडद्यावर नीट उमटतात, सोळा कळांचा कीपॅड चालतो, दोन्ही टायमर ६० हर्ट्झने उतरतात. म्हणून या खेपेचा सगळा वेळ कोडच्या मांडणीला दिला. क्लँग-फॉरमॅट हा कोडची मांडणी आपोआप लावणारा फॉरमॅटर; त्याला नियम सांगणारी, प्रकल्पाच्या मुळाशी असलेली डॉट-क्लँग-फॉरमॅट फाइल मी पुसून नव्याने लिहायला घेतली, आणि तिच्यात काय ठेवलं, काय काढलं आणि का, ते इथे नोंदवतोय. तुमच्यापैकी बरेच जण सी++ मध्येच छंदाचे प्रकल्प करता, त्यामुळे यातलं बरंचसं तसंच्या तसं उचलता येईल.

पहिला निर्णय होता फाइल किती मोठी ठेवायची याचा. क्लँग-फॉरमॅटला डंप-कॉन्फिग सांगितलं की तो सगळे पर्याय त्यांच्या चालू किमतींसकट ओतून देतो, आणि पुष्कळ प्रकल्पांत ही भलीमोठी यादीच जशीच्या तशी फाइल म्हणून ठेवलेली दिसते. मला हे पटत नाही. त्या यादीत तुम्ही विचार करून घेतलेले चार निर्णय कोणते आणि आपोआप आलेलं बाकीचं काय, हे महिन्याभराने तुम्हालाही सांगता येणार नाही. शिवाय नव्या आवृत्तीने ओतलेली यादी जुन्या आवृत्तीपुढे ठेवली की ती अनोळखी नावापाशीच अडते आणि फाइल वाचायलाच नकार देते. डंप-कॉन्फिगचा खरा उपयोग चाचपणीला होतो: आत्ता नेमकी कोणती किंमत लागू आहे, ते बघायचं आणि बंद करायचं.

म्हणून माझ्या फाइलची पहिली ओळ बेस्ड-ऑन-स्टाइल, आणि त्याखाली फक्त फरक. तयार शैलींमध्ये एलएलव्हीएम, गूगल, क्रोमियम, मोझिला, वेबकिट, मायक्रोसॉफ्ट आणि जीएनयू आहेत. मी एलएलव्हीएम पाया धरला. तिच्यात इंडेंट (ओळ डावीकडून किती आत सरकवायची ते अंतर) २ चा आणि ओळीची मर्यादा ८० रकान्यांची आहे. मला ४ आणि १०० हवे होते. वेबकिटमध्ये इंडेंट ४ चाच आहे, पण तिथे मर्यादा ० आहे. शून्य म्हणजे मर्यादाच नाही, आणि मग विधानाच्या आत ओळी कुठे तोडायच्या ते बरंचसं तुमच्या मूळ मांडणीवर सोडलं जातं. मला तो निर्णय फॉरमॅटरनेच घ्यायला हवा होता.

इंडेंट २ चा ४ केला की दोन गोष्टी सोबत बदलाव्या लागतात, आणि त्या सहसा कुणी सांगत नाही. एक म्हणजे अ‍ॅक्सेस-मॉडिफायर-ऑफसेट. एलएलव्हीएममध्ये तो उणे २ आहे. इंडेंट २ असताना त्यामुळे 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' डावीकडे क्लासच्या रेषेत येतात. इंडेंट ४ झाला की ते दुसऱ्या रकान्यात लोंबकळतात, धड इकडे नाही की तिकडे नाही. तिथे उणे ४ हवं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'इफ' ही दोन अक्षरं, एक रिकामी जागा आणि उघडता कंस असे बरोबर चार रकाने होतात. लांब अट दोन ओळींत गेली आणि दुसरी ओळ कंसाच्या आतल्या बाजूला जुळवली, तर ती नेमकी खालच्या ब्लॉकच्या रेषेत येऊन बसते. अट कुठे संपली आणि काम कुठे सुरू झालं, ते डोळ्यांना कळत नाही. मी अलाइन-आफ्टर-ओपन-ब्रॅकेट 'डोन्ट-अलाइन' केलं आणि कंटिन्युएशन-इंडेंट-विड्थ ८. आता तुटलेली अट ब्लॉकच्या आणखी चार रकाने आत जाते आणि वेगळी ओळखू येते. सगळ्या फाइलमधला हा मला सर्वांत आवडलेला बदल आहे.

कसोटीच्या दोन जागा

कुठलाही पर्याय फाइलमध्ये घ्यायच्या आधी मी तो एम्युलेटरच्या दोन जागांवर चालवून बघतो. सरळसाध्या फंक्शनवर सगळ्याच शैली चांगल्या दिसतात; फरक कळतो तो अवघड जागी.

पहिली जागा फॉन्टचा तक्ता. चिप-८ मध्ये ० ते ९ आणि पुढची सहा हेक्स अक्षरं अशी १६ चिन्हं, प्रत्येकी ५ बाइट, म्हणजे एकूण ८० बाइट. एका बाइटमध्ये चिन्हाची एक आडवी रेघ असते आणि तिचे वरचे चारच बिट वापरात येतात. शून्य काढायला पहिल्या रेघेत चार ठिपके, मधल्या तीन रेघांत फक्त टोकाचे दोन-दोन, आणि शेवटच्या रेघेत पुन्हा चार. पाच बाइट एका ओळीत असले की ओळ वाचताना शून्य डोळ्यांपुढे उभं राहतं. फॉरमॅटरला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला दिसतात ८० आकडे आणि १०० रकान्यांची ओळ. तो ते मावतील तेवढे एका ओळीत भरतो आणि चिन्हांच्या सीमा पुसल्या जातात.

यावर फॉरमॅटिंग बंद-चालू करायच्या कॉमेंट आहेतच. पण त्या दोन ओळींच्या मधला सगळा भाग वाऱ्यावर सुटतो: तिथली इंडेंटही मग कुणी बघत नाही. त्यापेक्षा साधा मार्ग म्हणजे प्रत्येक पाच बाइटांनंतर ओळीच्या शेवटी दोन तिरक्या रेघांची कॉमेंट द्यायची आणि तिच्यात ते चिन्ह लिहायचं. अशा कॉमेंटनंतर ओळ तुटणं भाषेच्या नियमानेच भाग असतं, त्यामुळे फॉरमॅटर सीमा मोडू शकत नाही. अलाइन-ट्रेलिंग-कॉमेंट्समुळे त्या कॉमेंटही एका उभ्या रेषेत येतात. वाचणाऱ्याला कुठली ओळ कुठल्या चिन्हाची, हेही आयतं कळतं.

दुसरी जागा ऑपकोडचा, म्हणजे चिप-८ च्या सूचनांच्या आकड्यांचा, स्विच. ८ ने सुरू होणाऱ्या ऑपकोडमध्ये पहिले चार अगदी आटोपशीर आहेत: रजिस्टर कॉपी करणं, मग ऑर, अँड, एक्सॉर. प्रत्येकात एक विधान आणि ब्रेक. मूळ शैलीत यातल्या एकेका केसला तीन ओळी लागतात आणि तक्त्यासारखी गोष्ट गोष्टीच्या पुस्तकासारखी लांबत जाते. अलाउ-शॉर्ट-केस-लेबल्स-ऑन-अ-सिंगल-लाइन चालू केलं की त्या चारही केस एकेका ओळीत येतात. १७ व्या आवृत्तीपासून त्याला अलाइन-कन्सेक्युटिव्ह-शॉर्ट-केस-स्टेटमेंट्सची जोड मिळाली आहे. त्यातलं एनेबल्ड चालू केलं की विधानं एकाखाली एक जुळतात. त्यातच अलाइन-केस-कोलन्स हा उपपर्याय आहे, तो विधानांऐवजी अपूर्णविराम जुळवतो. मी तो बंद ठेवला.

बेरजेचा ऑपकोड मात्र या तक्त्यात बसत नाही. तिथे बेरीज काढायची, उत्तर रजिस्टरमध्ये ठेवायचं, कॅरी (हातचा) वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवायची आणि मग ब्रेक. विधानं दोनाच्या वर गेली की फॉरमॅटर केसला एका ओळीत आणत नाही. मधेच एक पसरट केस आली की जुळणीही तिथे तुटते. मी बेरीज, वजाबाकी आणि दोन्ही शिफ्ट यांची छोटी फंक्शनं केली, आणि आता तो अख्खा गट सलग तक्त्यासारखा दिसतो. मांडणीसाठी कोड बदलू नये असं काही जण म्हणतील. पण ती फंक्शनं आता स्वतंत्रपणे तपासता येतात, आणि कॅरीचा नियम हाच चिप-८ मधला सर्वांत जपून हाताळायचा भाग आहे.

पेनल्टीचं गणित

या टप्प्यात सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते पेनल्टीच्या पर्यायांतून. क्लँग-फॉरमॅट ओळी नियमाने तोडत नाही, हिशेबाने तोडतो. प्रत्येक संभाव्य तोडीला एक किंमत असते, आणि सगळ्या शक्यतांमधून कमीत कमी बेरजेची मांडणी तो निवडतो. नकाशावर सर्वांत जवळची वाट शोधणारा डाइक्स्ट्राचा अल्गोरिदम इथे याच कामाला लावलेला आहे.

एलएलव्हीएम शैलीतल्या काही किमती बघा. कॉलच्या पहिल्या पॅरामीटरआधी तोडायची किंमत १९. फंक्शनचा परतीचा प्रकार एकटा वरच्या ओळीत सोडायची ६०. कॉमेंट तोडायची ३००. स्ट्रिंग तोडायची १,०००. आणि मर्यादेबाहेर जाणाऱ्या एकेका अक्षराची १०,००,०००. शेवटच्या आकड्यामुळेच ओळीची मर्यादा भिंतीसारखी वागते. तो १० वर आणला आणि इतर बारीकसारीक किमती बाजूला ठेवल्या, तर एक अक्षर बाहेर जाणं १० ला पडतं आणि पहिल्या पॅरामीटरआधी तोडणं १९ ला. म्हणजे फॉरमॅटर ते एक अक्षर बाहेर जाऊ देईल. दोन अक्षरं गेली की २० होतात आणि तोडणं स्वस्त पडतं. हे मी चालवून पाहिलं आणि परत मूळ किंमत ठेवली. मी बदल दोन फाइली शेजारी-शेजारी ठेवून तपासतो, तिथे १०० म्हणजे १०० च हवेत.

बदलला तो परतीच्या प्रकाराचा आकडा. डीकोडरमध्ये टेम्प्लेटचे लांबलचक प्रकार परत येतात, आणि ६० किंमत असताना कधीकधी प्रकार वर आणि फंक्शनचं नाव खाली अशी फाटाफूट व्हायची. गूगल शैलीत हीच किंमत २०० आहे. तीच घेतली, आणि नाव पुन्हा प्रकाराशेजारी आलं.

मराठी कॉमेंट

माझ्या कॉमेंट मराठीत असतात, म्हणून रिफ्लो-कॉमेंट्सकडे नीट बघावं लागलं. लांब कॉमेंट मर्यादेत बसवायला फॉरमॅटर ती पुन्हा मांडतो, आणि रुंदी मोजताना युनिकोडच्या तक्त्यानुसार चालतो. काना आणि वेलांटी वेगळी जागा घेणारी चिन्हं मानली जातात, म्हणून त्यांना एक रकाना. उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना शून्य. जोडाक्षराला मात्र दोन व्यंजनांचे दोन रकाने, एडिटरमध्ये ते कितीही आटोपशीर दिसो. त्यामुळे त्याचं मोजमाप आणि पडद्यावरची रुंदी यांचा मेळ बसत नाही आणि ओळी भलतीकडेच तुटतात. मी रिफ्लो बंद केलं. कॉमेंटच्या ओळी आता मीच तोडतो.

कुठली फाइल कुणाला लागू

स्टाइल म्हणून 'फाइल' सांगितलं की फॉरमॅटर कोडच्या फोल्डरपासून वर-वर बघत जातो आणि जी सेटिंग फाइल आधी सापडेल ती घेतो. वरच्या फाइलींचं तो काही मिसळत नाही. याचा एक छान उपयोग होतो: होम फोल्डरमध्ये एक फाइल ठेवली की त्याखालच्या सगळ्या सुट्या प्रयोगांना तीच लागू होते. जुन्या मंडळींना 'इंडेंट' नावाचा फॉरमॅटर आठवत असेल, जो ४.२ बीएसडीबरोबर १९८३ साली आला. त्याची डॉट-इंडेंट-डॉट-प्रो फाइलही होम फोल्डरमध्ये चालायची. तिथे टाइपडेफची नावं एकेक करून सांगावी लागत.

मिसळण हवीच असेल तर खालच्या फाइलमध्ये बेस्ड-ऑन-स्टाइलला 'इनहेरिट-पेरेंट-कॉन्फिग' द्यायचं. मी ते फक्त चाचण्यांच्या फोल्डरमध्ये केलंय, तिथे मर्यादा तेवढी १२० केली. प्रकल्पाची मुख्य फाइल होम फोल्डरवर टेकलेली नसावी यावर मी ठाम आहे: कोड दुसऱ्याच्या मशीनवर गेला की तुमचं होम फोल्डर सोबत जात नाही. बाहेरून घेतलेल्या लायब्ररीच्या फोल्डरसाठी १८ व्या आवृत्तीपासून डॉट-क्लँग-फॉरमॅट-इग्नोर फाइल मिळते. त्याआधीच्या आवृत्तीत त्या फोल्डरमध्ये डिसेबल-फॉरमॅट लिहिलेली छोटी फाइल ठेवावी लागते.

एडिटरमधून कोड स्टँडर्ड इनपुटने पाठवत असाल तर अस्यूम-फाइलनेम द्यायला विसरू नका. ते नसेल तर शोध चालू फोल्डरपासून सुरू होतो आणि भलतीच शैली लागू शकते.

जुना कोड

सगळा जुना कोड एकाच कमिटमध्ये नव्या मांडणीत आणला आणि त्यात दुसरा एकही बदल घेतला नाही. त्या कमिटचा हॅश डॉट-गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज या फाइलमध्ये लिहिला आणि गिटच्या ब्लेम-डॉट-इग्नोर-रेव्ह्ज-फाइल सेटिंगला तिचा पत्ता दिला. गिट २.२३ पासून ही सोय आहे. आता ब्लेममध्ये (कुठली ओळ कुठल्या कमिटने आली ते दाखवणारी गिटची आज्ञा) प्रत्येक ओळीपुढे तिचा खरा कमिट दिसतो. यापुढे गिट-क्लँग-फॉरमॅट वापरतोय, तो फक्त बदललेल्या ओळींना हात लावतो. क्लँग-फॉरमॅटची आवृत्ती बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये बांधून टाकली आहे, कारण तीच सेटिंग फाइल दोन आवृत्त्यांत वेगळी मांडणी देऊ शकते. तपासणीला ड्राय-रन आणि डब्ल्यू-एरर एवढं पुरतं.

फाइल सध्या एका पडद्यात मावते आणि प्रत्येक पर्यायाच्या वर एका ओळीत कारण लिहिलेलं आहे. आता कीपॅडच्या तक्त्याकडे वळलोय. तिथे कळ आणि तिची हेक्स किंमत अशा १६ जोड्या आहेत, आणि अलाइन-अ‍ॅरे-ऑफ-स्ट्रक्चर्सला प्रत्येक ओळीत सारखेच स्तंभ लागतात, जे इथे आहेत. डावीकडे जुळवायचं की उजवीकडे, ते दोन्ही करून बघतोय. त्यानंतर ध्वनीच्या भागातले लॅम्डा.