वारीत पाय दुखतो म्हणजे नेमकं काय दुखतं

वारीत कुणालाही विचारा काय झालं, उत्तर एकच, पाय दुखतायत माऊली. मी फिजिओ आहे हे दिंडीत कळायला वेळ लागला नाही, मग संध्याकाळी तळावर पोचलं की पिशवी खांद्यावरून उतरायच्या आत कुणाचं तरी पाऊल माझ्यापुढे यायचं आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला, एका बोटाने दाखवा कुठे. कारण अख्खा पाय कधी दुखत नाही हो. एका पावलात 26 हाडं, मागची 7, मधली लांबट 5 आणि बोटांची 14, दोन्ही पावलांची मिळून 52, म्हणजे शरीरातल्या 206 हाडांपैकी पाव हिस्सा घोट्याखालीच आहे. यातलं कोण बोंबलणार ते त्या दिवशीचा रस्ता ठरवतो.

दिवे घाट चढून सासवडला आलो त्या रात्री सगळ्यांच्या पोटऱ्याच, ते अपेक्षितच होतं, टप्पा लांब त्यात चढ, आणि चढावर दर पावलाला टाच उचलून आख्खा देह वर ढकलायचा तो पोटरीनेच. पण पोटरीत मुख्य स्नायू दोन आहेत. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडापासून निघतो आणि त्याच्याखाली दडलेला चपटा सोलियस गुडघ्याच्या खालून, पुढे दोघं एकत्र येऊन अकिलीसची जाड कंडरा होते ती टाचेच्या हाडाला चिकटते. म्हणून स्ट्रेचपण दोन करायचे, गुडघा सरळ ठेवला की वरच्याला ताण बसतो, थोडा वाकवला की खालच्याला. बहुतेक जण पहिलाच करतात आणि म्हणतात फरक पडत नाही, कसा पडेल, दिवसभर न कुरकुरता राबलेला सोलियस तसाच आखडून बसलेला असतो.

जेजुरीनंतर वाल्हे आणि मग नीरेकडे रस्ता उतरत जातो, लोकांना वाटतं चला सुटलो. मला विचाराल तर खरा त्रास इथे सुरू होतो, कारण आता पाळी नडगीची. नडगीच्या हाडाला लागून बाहेरच्या बाजूला हात ठेवा आणि चवडा वर उचला, हाताखाली जो कडक फुगवटा लागतो तो टिबियालिस अँटेरिअर. याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. टाच टेकल्यावर चवडा फटकन आपटू नये म्हणून हा त्याला हळूहळू खाली सोडतो, विहिरीत बादली सोडताना आपण दोर हातातून सरकवतो ना तसं. म्हणजे ताणला जात असतानाच जोर लावायचा, आणि स्नायूला सगळ्यात जास्त दुखवणारं काम हेच. उतारावर दर पावलाला तेच, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नडगीला हात लावू देत नाहीत. उतारावर पावलं छोटी टाका एवढंच सांगायचो, तरुण पोरं काही ऐकत नव्हती.

घोटेही उतारावरच जास्त मुरगळतात, त्याचं कारण मला फार आवडतं. घोट्यात टॅलस नावाचं हाड आहे, त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही, ते नडगीच्या आणि बाजूच्या बारीक हाडाच्या खाचेत बसतं आणि त्याचा वरचा भाग पुढून रुंद, मागे अरुंद. चवडा वर असला की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो, चवडा खाली झुकला की अरुंद भाग येतो आणि सांधा जरा सैल पडतो. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका काकूंचा पाय खडीवर असाच आत वळला, बाहेरच्या घोट्याच्या किंचित पुढे अंड्याएवढी सूज. तिथलीच अस्थिबंधनाची पट्टी सगळ्यात आधी ताणते. आतल्या बाजूची रुंद आणि मजबूत, ती सहसा जात नाही.

फोडांबद्दल फार सांगत नाही, वरची कातडी सोलू नका, झालं.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, त्या दिवशी चाल कमी तरी रात्री पावलं सुजलेली. पायातलं रक्त वर चढवायला पोटरी लागते, ती आवळली की आतल्या शिरा दाबल्या जातात आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. नुसतं उभं राहिलं की हा पंप बंद. पावली खेळणाऱ्यांचे पाय दुखत होते पण सुजले नव्हते, बघा म्हणजे.

आणि पहाटे राहुटीतून निघताना पहिल्या चार पावलांना लंगडणारे, ते टाचेखालचे. टाचेपासून बोटांकडे जाणारी जाड पट्टी रात्रभर सैल पडून आखडते. उठायच्या आधी हाताने अंगठा मागे ओढायचा, पट्टी ताणली की कमान आपोआप उचलली जाते, डोळ्यांना दिसतं.

फलटणच्या पुढे एक आजोबा आले, म्हणाले पाऊल दुखतंय. बोटाने दाखवा म्हटलं तर दुसऱ्या बोटाच्या मागे, मधल्या लांब हाडावर, बरोबर एकाच ठिकाणी. दाबलं तर कळवळले, वर थोडी सूज. स्नायू दुखतो तेव्हा पसरट दुखतो, हाड असं एका टिंबावर दुखतं. तिथे सैनिकांना लांब मार्चनंतर बारीक फ्रॅक्चर होतं आणि सुरुवातीला एक्सरेत दिसतही नाही. चालणं बंद म्हटलं, सहा ते आठ आठवडे. खूप वाद घातला त्यांनी माझ्याशी. शेवटी दिंडीच्या ट्रकमध्ये सामानाशेजारी बसून आले, पण दर मुक्कामी मला शोधून काढून विचारायचे, आता चालू का.