न गळणारं सिलिंडर बाजूला ठेवलं

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा माझ्या एअर पिस्तुलाच्या ग्रिपवरची (मुठीवरची) अंगठ्याजवळची पुट्टी वाळत होती आणि त्याच्या दोन हवेच्या सिलिंडरांपैकी ‘ब’ गळत होतं. पुट्टी वाळली, गळतीही थांबली. पण ज्या ‘अ’ सिलिंडरवर मी चार वर्षं डोळे मिटून विसंबले, ते कंपनीने परत मागवलेल्या मालिकेतलं निघालं. गेला आठवडा त्यातच गेला.

आधी गळतीचं सांगते, कारण ते जमल्याचा आनंद मोठा आहे. रात्री २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरून ठेवलं की सकाळी काटा १५० वर. पावसाळ्यात हँडपंपाने भरताना हवेतलं पाणीही आत जातं, म्हणून आधी सगळा दोष ओलाव्यावर टाकला होता. पंपाच्या तोंडाशी सिलिका जेलची नळी लावली, तरी काटा उतरायचा थांबेना. शेवटी भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब वाटीभर पाण्यात घातले आणि बारीक ब्रशने एकेक सांधा ओला करत बसले. दाब दाखवणाऱ्या गेजपाशी काही नाही. भरायच्या तोंडाशी मात्र झडपेच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा. तो फुगून फुटायला चाळीस सेकंद लागायचे, की पुन्हा मोहरी.

सगळी हवा सोडून झडप उघडली (भरलेल्या सिलिंडरला पाना लावू नका, कितीही घाई असली तरी). आतलं रबरी कडं, म्हणजे ओ-रिंग, वरून ठीक दिसत होती. ब्लेडने कापून भिंगाखाली धरली तर आत बारीक फोड. दाबाखाली हवा रबरात मुरते आणि दाब झटकन उतरला की आतूनच रबर फोडून बाहेर येते. ही ७० शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) मऊ रिंग मी गेल्या वर्षी ऑनलाइन किटमधून घेतली होती. रंगीत डबीतली ती किट घेऊ नका, २०० बारला ती रबरं टिकत नाहीत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये हायड्रॉलिक सीलच्या दुकानात ९० शोअरची रिंग मिळाली. दुकानदाराने नखाने दाबून दाखवली, नख उमटलं नाही. तिला फक्त सिलिकॉन ग्रीस लावलं. शिलाई मशीनचं तेल अजिबात नको. हवा दाबली जाताना तापते आणि त्यात खनिज तेल असेल तर ते पेट घेऊ शकतं.

सलग तीन सकाळी काटा २०० वर. तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याला उठवून गेज दाखवलं.

आता ‘अ’कडे येते. ‘ब’च्या झडपेची पिन मागवायला कंपनीला मेल करताना दोन्ही सिलिंडरचे नंबर लिहून पाठवले. उत्तर आलं त्यात पिनेची किंमत खाली आणि वर ठळक अक्षरांत सूचना : ‘अ’चा नंबर परत मागवलेल्या मालिकेत येतो, त्याच्या मानेजवळ तडा जाण्याची शक्यता आहे, हवा सोडा, पुन्हा भरू नका. पिस्तूल मी सेकंडहँड घेतलेलं. कंपनीच्या दफ्तरात पत्ता पहिल्या मालकाचा. फुकट बदलून द्यायची मुदत केव्हाच सरली होती. कंपनीचं नाव इथे घेत नाही. तुमच्याकडे याच काळातलं पिस्तूल असेल तर आपापल्या सिलिंडरचे नंबर आजच पाठवून विचारा.

तरी मला पटायला चार दिवस लागले. या सिलिंडरने चार वर्षांत एक बारही सोडला नव्हता. ‘ब’ सतत कुरकुरणारं आणि हे एकदम गुणी. नवं एक घ्यायचं तर वीस हजारांच्या पुढे, वर कस्टम्सचा व्याप. रेंजवर आमच्या प्रशिक्षक सरांना म्हटलं, “सर, इतकी वर्षं काही झालं नाही, सराव तरी करू द्या की.” त्यांनी ‘अ’ हातात घेऊन मान पाहिली आणि म्हणाले, “गळणारं तुला सांगतं तरी. हे काय सांगणार आहे?”

घरी येऊन हिशेब मांडला. अर्ध्या ग्रॅमचा पेलेट (छर्रा) सेकंदाला १५० मीटरने सुटतो, म्हणजे सुमारे साडेपाच जूल. त्या साडेपाच जुलांसाठी आपण डोळ्यांवर चष्मा लावतो, नळी कायम टार्गेटकडे ठेवतो, ‘थांबा’ म्हटलं की हात खाली घेतो. आणि १०० मिलीच्या सिलिंडरमध्ये २०० बारला कोंडलेली हवा एकदम मोकळी झाली तर ऊर्जा चार हजार जुलांच्या आसपास. ते सिलिंडर नेम धरताना चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतं. पंपाने भरताना तर मी त्याच्यावर ओणवी असते.

मग म्हटलं १५० पर्यंतच भरावं. पिस्तुलातला रेग्युलेटर पुढे दाब उतरवूनच देतो, त्यामुळे वेग बदलणार नाही, फक्त शॉट कमी मिळतील. दोन दिवस या तोडग्यावर खूश होते. पण पोलादाला जशी ताणाची एक मर्यादा असते, जिच्या खाली तो कितीही वेळा ताणला तरी थकत नाही, तशी अ‍ॅल्युमिनियमला नसते. प्रत्येक भरणीबरोबर तडा थोडा पुढे सरकू शकतो, आणि मानेतल्या आट्यांच्या खाचेत ताण सगळ्यात जास्त साठतो. पाण्याखाली उतरणाऱ्या डायव्हर लोकांच्या जुन्या सिलिंडरांमध्ये ६३५१ नंबरचा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरायचे. त्यांच्या मानेला तर नुसत्या भरून ठेवलेल्या दाबानेच तडे जात. म्हणून उत्पादक ६०६१ या दुसऱ्या मिश्रधातूकडे वळले आणि जुन्यांच्या आट्यांची एडी करंटने (धातूत वीजप्रवाह निर्माण करून तडे शोधायची) तपासणी सुरू झाली. माझं सिलिंडर वेगळ्या घडणीचं आहे, पण तड्याची जागा तीच सांगितली आहे. मी दहापट भिंगाने आटे पाहिले, काही दिसलं नाही. भिंगाला न दिसणारा तडाही तडाच असतो.

हायड्रोटेस्टचीही (पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासायची) चौकशी केली. नवी मुंबईच्या टीटीसी एमआयडीसीतल्या एका केंद्राने सांगितलं की एवढ्या लहान सिलिंडरला त्यांच्याकडे अडॅप्टर नाही. आपल्या गॅस सिलिंडर नियमांतली व्याख्याही ५०० मिलीच्या वरच्या सिलिंडरांचीच आहे. अडॅप्टर करून घ्यावा म्हणून वागळेतल्या लेथवाल्या काकांकडे गेले. त्यांनी सिलिंडर उजेडात फिरवलं, आट्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “दाब किती?”

“दोनशे बार, काका.”

“ताई, आटे मी तासाभरात पाडून देतो. पण कंपनी नको म्हणते त्या तुकड्यावर मी काम करणार नाही.” चहा मात्र पाजला. त्यांच्याकडचं मशीनिंग मी आधीही वाखाणलंय, पण हा नकार मला जास्त आवडला.

तेव्हा ठरलं : ‘अ’ बाद. नवं सिलिंडर मागवायचं आणि ते येईपर्यंत दुरुस्त केलेल्या ‘ब’वर सराव करायचा.

इथवर काल रात्री लिहिलं होतं. आज सकाळी वरचं वाक्य वाचलं आणि ‘ब’ हातात घेतलं. त्याच्यावरही ‘अ’सारखाच २०१२ला बनवल्याचा शिक्का आहे. मुदत दहा वर्षांची, म्हणजे २०२२ला संपली. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी नेमबाजाची आहे, आणि साहित्य तपासणीत तारीख पाहिली जाऊ शकते. मी गेली दोन वर्षं स्पर्धेत उतरले नाही, त्यामुळे कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. ‘ब’ परत मागवलेल्या मालिकेत नाही हे खरं. पण ‘अ’बद्दल थकव्याचं जे लिहिलं ते ‘ब’लाही लागू आहे. त्याच्यासाठी तीन आठवडे राबले, नवी रिंग बसवली, म्हणून त्याची वर्षं कमी होत नाहीत. ‘ब’ची हवाही सोडली. सुईसारखा आवाज बराच वेळ चालला आणि सिलिंडर हाताला गार लागलं.

म्हणजे बेत बदलला. आता दोन नवी सिलिंडर घ्यायची, पण एक आत्ता आणि दुसरं दिवाळीनंतर. आणि हे लिहिताना सुचलं : ठाणे किंवा नवी मुंबईत हेच जुनं मॉडेल असलेले आणखी दोघं-तिघं असतील तर एकत्र मागवू, पाठवणीचा खर्च वाटला जाईल. वाशी-नेरुळकडच्यांनी विशेष कळवा, तिकडे रेंजवर दोन पिस्तुलं मी पाहिली आहेत. घेताना शिक्क्याची तारीख आधी विचारून घ्या. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेलं सिलिंडर म्हणजे दहातली दोन वर्षं गेलेली.

तोवर सरावाला खंड नाही. सरांनी कपाटातलं रशियन आयझेडएच-४६एम काढून दिलं. दांडा एकदा ओढला की एका शॉटपुरती हवा भरणारं, सिलिंडरची भानगडच नाही. दांडा जड आहे, साठाव्या शॉटपर्यंत दंड भरून येतो आणि साठ शॉटची ७५ मिनिटं पुरवून वापरावी लागतात. पण दर शॉटमध्ये सक्तीची विश्रांती मिळते आणि माझी घाई कमी झालीय. काल शेवटची दहा शॉटची सिरीज १००पैकी ९४ गेली, त्यात चार आतले दहा (दहाच्या वर्तुळाच्याही आतल्या छोट्या वर्तुळातले). माझ्या पिस्तुलावर हल्ली ९२च्या पुढे जात नव्हते. ट्रिगरही तपासणीतलं ५०० ग्रॅमचं वजन पहिल्याच फटक्यात उचलतो.

ग्रिपची पुट्टी आता घासायला तयार आहे. ग्रिपची तळहाताखालची टाच दोन मिलिमीटर खाली घेणार होते, पण नव्या सिलिंडरच्या वजनाने तोल कुठे जातो ते कळेपर्यंत हात लावत नाही.

‘अ’ कंपनीला परत नको आहे, नंबर दिसेल असा निकामी केलेल्या सिलिंडरचा फोटो हवा आहे. शनिवारी दोन्ही घेऊन वागळेला जाते. झडपा घरीच काढून ठेवल्या आहेत. काका दोन्हींना आरपार आठ मिलिमीटरचं भोक पाडून देणार आहेत, त्या कामाला ते लगेच हो म्हणाले.